आईंचं सोडियम १२८ आलंय, जेवणात मीठ वाढवलं तर भरून येईल का?

नाही. आणि घरात कोणी स्वयंपाक करणारीला बोल लावत असेल, तर त्यांनाही हे वाचायला द्या.

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. सासूबाई ७६ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आठवडाभर त्यांना मळमळत होतं, चालताना तोल जायचा. मग एका रात्री दोन वाजता ओट्याशी उभ्या. "अण्णा आलेत, चहा टाकते." अण्णा म्हणजे त्यांचे वडील, जाऊन चाळीस वर्षं झाली. सगळ्यांनी ठरवून टाकलं, म्हातारचळ लागला. सकाळी रक्त तपासलं तर सोडियम ११७. हवं १३५ ते १४५.

वन्सं कोथरूडहून आल्या त्या आयसीयूच्या दारातच सुरू झाल्या, "बीपी बीपी करून अळणी खायला घातलंस आईला!" मी गप्प बसले, अजून राग येतो त्याचा.

डॉक्टरांनी रक्ताची आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे ती किती घट्ट की पातळ), लघवीतलं सोडियम, थायरॉइड, कॉर्टिसॉल हे हार्मोन, साखर, सगळं पाहिलं. (साखर फार चढली तरी सोडियम कमी दिसतं.) निघालं काय? तीन आठवड्यांपूर्वी बदललेली बीपीची गोळी. तिच्यात क्लोरथॅलिडोन होतं, म्हणजे लघवीचं औषध. त्याने मूत्रपिंडाला जादा पाणी नीट बाहेर टाकता येईना, आणि वर रोज तीन लिटर पाणी. ताकात पाणी ओतत राहिल्यासारखं. ते पाणी कुठल्या जगातलं? तांब्याच्या. तो जग कोणी आणून दिला? वन्संनी.

गोळी बंद, पाणी दिवसाला एक लिटर, तीन टक्क्यांचं सलाईन अगदी हळू आणि दर चार-सहा तासांनी रक्त. वन्सं म्हणे, "जरा जोरात सोडा की!" पण एका दिवसात सोडियम आठ-दहा अंकांच्या वर चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दुसऱ्या दिवशी १२४ झालं, सहाव्या दिवशी १३३, आणि आईंनी माझ्या चहाला नाव ठेवलं.

तुम्ही आईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. डिप्रेशनच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनीही असं होतं. मनानं मीठ वाढवू नका, गोळीही मनानं तोडू नका. बरळणं, सारखी उलटी, फिट असं काही झालं तर थेट कॅज्युअल्टी.

मी डॉक्टर नाही. आणि हो, जुलाब-उलट्यांनी सोडियम उतरलं असेल तर पाणी तोडणं उलट अंगाशी येतं, तेव्हा आमच्या एका लिटरची नक्कल नको.