ज्यांना भात वाढला, त्यांचाच राग

"ज्यांना मी आपणहून मदत केली, त्यांचाच आता राग येतो, मी वाईट झाले आहे का?" हा प्रश्न समुपदेशनात मला अनेकदा भेटला. तो सर्वांत स्पष्टपणे ऐकला बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात, रोहिंग्या निर्वासितांच्या कुतुपालोंग छावणीलगतच्या गावातल्या एका बाईंकडून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांतच म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या उखिया आणि टेकनाफ भागांत आले, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत त्यांना अन्न आणि आसरा देणाऱ्यांत तिथले गावकरी पुढे होते. या बाईंनीही दोन कुटुंबांना अंगणात ठेवून घेतले होते. दोन वर्षांनी त्या मला म्हणाल्या, "आपा, घर तेच आहे, पण इथे राहावेसे वाटत नाही."

मी प्रथम त्यांना निर्वासितांच्या दुःखाची आठवण करून दिली, आणि त्या गप्प झाल्या. ते दुःख त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते; मला दुभाषी लागत होती, त्यांना रोहिंग्यांची बोली सहज कळत होती. मग मी फक्त विचारले, "तुमचे काय काय गेले?" झोपड्यांसाठी आणि सरपणासाठी टेकडीवरची झाडे गेली होती, कमी पैशांत राबणारे हात वाढल्याने पतीची मजुरी घटली होती, बाजारात भाव चढले होते आणि मालमोटारींच्या वर्दळीमुळे मुलीला शाळेत एकटी धाडणे अवघड झाले होते. हे सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता. तो कापला तो एकाच वाक्याला: "हे सगळे आमच्या दारात ठरले, पण आम्हाला कोणी विचारले नाही."

माझ्या मते त्यांच्या असमाधानाचे मूळ तिथे होते. छावणीत राहणाऱ्यांनाही कोणी विचारले नव्हते, हे त्या स्वतःच पुढच्या भेटीत म्हणाल्या. राग चुकीचा आहे असे मी त्यांना कधीही म्हटले नाही. तो कोणावर आहे यापेक्षा कशाबद्दल आहे, एवढेच आम्ही एकेक करून पाहत गेलो. टेकडीबद्दलचा राग हा शोक होता आणि त्यासाठी त्या मनसोक्त रडल्या. रस्त्याबद्दलचा राग ही मागणी होती, म्हणून शेजारणींना घेऊन त्या युनियन परिषदेत, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेत, बोलायला गेल्या.

शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितले की बाजाराच्या दिवशी अजूनही जीव गुदमरतो, पण अंगणात राहून गेलेल्या बाईला त्यांनी पुन्हा विड्याची पाने पाठवायला सुरुवात केली आहे.