मिडलवेअरला ‘मध्यस्थ’ म्हणू नका

प्रश्न : वेब फ्रेमवर्कमधल्या (वेबसाइट उभारायच्या तयार सांगाड्यातल्या) ‘मिडलवेअर’साठी मराठीत ‘मध्यस्थ’ चालेल का?

नाही चालणार. पण आधी मूळ शब्दाचेच जे हाल चालले आहेत ते थांबवू. कुठल्याही मदतनीस फंक्शनला हल्ली सर्रास मिडलवेअर म्हणतात. तारीख नीट मांडून देणारे फंक्शन तुम्ही रूटच्या (एखाद्या पत्त्यावरच्या मागणीला उत्तर देणाऱ्या कोडच्या) आत वापरलेत, तर ते साधे फंक्शनच. मिडलवेअरला मात्र फ्रेमवर्क स्वतः चालवते, रिक्वेस्टच्या (ब्राउझरकडून आलेल्या मागणीच्या) वाटेवर. एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये त्याच्या हाती रिक्वेस्ट, रिस्पॉन्स (परत जाणारे उत्तर) आणि ‘नेक्स्ट’ (पुढच्याला बोलावणारे फंक्शन) येतात. उत्तरही दिले नाही आणि ‘नेक्स्ट’ही बोलावले नाही, की रिक्वेस्ट तिथेच लटकते.

‘मध्यस्थ’ सुचवणाऱ्या भाषांतरकारांनी गीतेतला ६.९ हा श्लोक पाहावा. तिथे मित्र, शत्रू, उदासीन यांच्यापेक्षा मध्यस्थ निराळा. शंकराचार्य त्याचा अर्थ देतात, भांडणाऱ्या दोघांचेही हित पाहणारा. टोकन (ओळखीची खूण) तपासून ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’ हा कोड, देत रिक्वेस्ट दारातूनच परत पाठवणारे मिडलवेअर कुठल्या दोघांचा तंटा मिटवते?

‘वेअर’ म्हणजे माल, त्यात फार काही नाही. खरी मौज ‘मिडल’मध्ये आहे. इंग्रजी ‘मिड’, लॅटिन ‘मेदिउस’, ग्रीक ‘मेसोस’ आणि आपला ‘मध्य’ ही एकाच मुळाची भावंडे. संस्कृत ‘मध्य’चे प्राकृतात ‘मज्झ’ झाले आणि मराठीत ‘माज’. तोच माजघरात आहे, तोच ‘जगामाजी’ म्हणताना आहे. (‘माजी मंत्री’मधला ‘माजी’ अरबीतून आलेला, अर्थ ‘गेलेला’, त्याला यात ओढू नये.) आणि माजघर इथे किती चपखल बसते पाहा! ओसरीवरून स्वयंपाकघरात जाताना माजघर ओलांडावे लागते, परततानाही तेच. जँगो या पायथॉनच्या फ्रेमवर्कमध्ये नेमके हेच घडते : रिक्वेस्ट मिडलवेअरच्या यादीतून वरून खाली जाते, रिस्पॉन्स खालून वर येतो. म्हणून माझा शब्द ‘माजथर’. ‘माज’ म्हणजे मस्ती, असा आक्षेप येतोच. पण माजघर म्हणताना मस्ती कुणालाच आठवत नाही.

‘थर’ही मी उगाच जोडलेला नाही. १९६८ साली जर्मनीत गार्मिशला नाटोची सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर परिषद झाली. तिच्या अहवालातल्या उलट्या पिरॅमिडच्या आकृतीत मिडलवेअर हा अप्लिकेशन प्रोग्रॅम आणि खालची सिस्टिम यांच्यामधला थरच आहे.

कोडमध्ये अर्थातच ‘मिडलवेअर’ लिहा. मराठीत समजावताना ‘माजथर’ म्हणा, आणि क्रम सांगायला विसरू नका : एक्सप्रेसमध्ये जेसन (माहिती पाठवायची एक मांडणी) वाचणारा थर रूटच्या खाली लिहिला, तर रूटला बॉडी, म्हणजे रिक्वेस्टमधून आलेली माहिती, मिळत नाही.