पोरगी आमच्याबरोबर बाहेर यायलाच तयार नसते

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. मुलगा नाहीतर मुलगी तेरा-चौदाची झाली की रविवारी आईबाबांबरोबर बाहेर यायला नको म्हणते, "तुम्ही जा, मी घरीच थांबते", आणि मग घरच्यांना वाटतं मोबाईलपायी पोर हातातून गेलं. बऱ्याचदा ते वयच असतं, मित्रमैत्रिणी जास्त जवळच्या वाटायला लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण दरवेळी तेच कारण नसतं हे मला मुंबईतल्या कांजूरमार्गच्या एका कुटुंबामुळे नीट कळलं. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आई, बाबा, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. बाबा एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला, आई घरी ट्यूशन घेते. पहिल्यांदा दोघंच आले. बाबा बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, आमचे वडील वर्षातून एकदा चौपाटीला न्यायचे, दोन भेळ पाच जणांत, आणि आम्ही महिनाभर शाळेत त्याच्याच गोष्टी सांगायचो. मी दर पंधरा दिवसांनी मॉलमधे नेतो, चांगल्या हॉटेलात जेवायला घालतो, तर ही तोंड पाडून बसायची, आता तर येतच नाही." आई गप्प होती, मग हळूच म्हणाली, "आली तरी खात नव्हती मॅडम. भूक नाही म्हणायची. आणि घरी आल्यावर रात्री मॅगी करून खायची."

मी त्यांना वयाचं समजावलं, जबरदस्ती करू नका, थोडी मोकळीक द्या असं सांगून पाठवलं. महिन्याभराने ते परत आले तेव्हा घरातलं बोलणं आणखी तुटलं होतं, बाबा म्हणाले आता आम्ही तिघंच जातो आणि तिघांचाही मूड नसतो. तेव्हा माझं चुकलं होतं. मॅगीची गोष्ट मी वहीत लिहून घेतली होती आणि त्यावर एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

पुढच्या वेळी मुलीला एकटीला भेटले. मोबाईल तिने स्वतःहून बॅगेत ठेवला. का जात नाहीस असं मी विचारलंच नाही, अशा प्रश्नाला मुलं "असंच" एवढंच उत्तर देतात, म्हणून म्हटलं मागच्या वेळी गेलात तो दिवस मला सकाळपासून सांग. तर तिने सगळं सांगितलं, आईचं आवरेपर्यंत बारा वाजले, त्यात लोकलच्या स्लो लाईनवर दुरुस्तीसाठी रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे कांजूरला गाडीच थांबणार नाही, मग रिक्षाने विक्रोळी, तिथून गर्दीची लोकल, मॉलला पोचेपर्यंत दीड, हॉटेलच्या दारात नाव लिहून पाऊण तास उभं, भावाची रडारड, बाबा सारखे घड्याळ बघतायत, आणि मग एकदाचं टेबल मिळालं आणि मेन्यूकार्ड आलं. इथे ती थांबली.

"बाबा मेन्यूकार्ड उजवीकडून वाचतात."

मला पटकन कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे आधी आकडे बघतात, मग डिशचं नाव. आणि मग आम्हाला म्हणतात, घ्या रे काय हवं ते घ्या."

मग ती काय करायची, तर भावाला जे हवंय त्याची किंमत बघायची, त्यावर पाच टक्के जीएसटी डोक्यातल्या डोक्यात लावायची, आणि स्वतःसाठी सगळ्यात स्वस्त काहीतरी शोधायची, नाहीच मिळालं तर भूक नाही म्हणायची. हे ती दोन-तीन वर्षं करत होती. एकदा बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता, बाबांनी तो काढायला सांगितला, वेटर ऐकेना, मॅनेजर आला, आवाज चढले, आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. आता बाबांचं काही चुकलं नव्हतं, सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मधेच तसं स्पष्ट केलंय. मुलीलाही ते माहीत होतं. ती म्हणाली, "बाबा बरोबरच होते. पण आम्ही आलोच नसतो तर बाबांना असं भांडावं लागलं नसतं ना."

त्या दिवसापासून तिचं बाहेर जाणं बंद.

मी विचारलं, पैशाची एवढी काळजी तुला कधीपासून वाटते. तिने क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं, लॉकडाऊनपासून. २०२० मधे बाबांचा पगार आधी अर्धा झाला आणि मग नोकरीच गेली, पुढची नोकरी लागायला आठ महिने गेले. घर वन रूम किचन. आपल्या मुंबईत नवरा-बायकोला पैशाचं बोलायला वेगळी खोली असते कुठे, मुलं झोपली असं समजून दिवा बंद करून बोलायचं, आणि मूल तर शेजारच्या गादीवर डोळे मिटून जागंच असतं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीने अंधारात ऐकलं होतं, "या महिन्यात फी भरायची की हप्ता?" ते वाक्य तिने मला शब्दन् शब्द सांगितलं. आईचा आवाज कसा होता तेही सांगितलं.

मग तिच्या परवानगीने तिघांना एकत्र बसवलं. बाबा ऐकून सुन्नच झाले. "पण आता तसं काही नाहीये गं, कधीच सगळं रुळावर आलंय." मी विचारलं, हे तुम्ही तिला कधी सांगितलंत? ते बायकोकडे बघायला लागले. कोणीच सांगितलं नव्हतं. वाईट दिवस आले ते तिने चोरून ऐकले होते, पण ते संपले हे तिला कळायला काही मार्गच नव्हता.

लहान मुलांनी पैशाच्या गोष्टीत तोंड घालू नये असं आपल्याकडे म्हणतात, मला ते अगदीच चुकीचं वाटतं असं नाही, मुलांवर मोठ्यांचं ओझं टाकू नयेच. पण ज्या पोराने अर्धं ऐकलंय त्याला उरलेलं अर्धं सांगायलाच हवं, नाहीतर ते अर्धं ते स्वतःच्या मनाने भरतं आणि ते खऱ्यापेक्षा कायम भयंकर असतं.

तिथेच बाबांनी माझ्याकडून कागद मागून घेतला. पगाराचा आकडा सांगितला नाही, त्याची गरजही नव्हती. हप्ता वेळेवर जातो, या वर्षाची फी बाजूला काढून ठेवलीय, आणि बाहेर फिरायला-खायला महिन्याला तीन हजार ठेवलेत, असं लिहून दाखवलं. यावर आईच म्हणाली, "तीन हजार? मला वाटायचं जेमतेम दीड. म्हणून तर मी पण सूपवर भागवायचे." म्हणजे एका टेबलावर दोघीजणी बाबांचे पैसे वाचवत उपाशी बसलेल्या आणि बाबांना वाटतंय यांना माझ्याबरोबर आवडतच नाही. बाबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

नंतर फार काही मोठं केलं नाही. घरातून निघायच्या आधी आजचा आकडा मोठ्याने सांगायचा. कुठे जायचं ते पाळीपाळीने एकेकाने ठरवायचं आणि ज्याची पाळी त्याच्याच हातात पैसे द्यायचे. "काय हवं ते घ्या" हे वाक्य मी बाबांना बंद करायला सांगितलं, कारण जे मूल मनात हिशोब करतंय त्याला त्या वाक्याने धीर येत नाही, उलट जास्त भीती वाटते. त्यापेक्षा "आज आपल्याकडे सहाशे आहेत" हे ऐकलं की ते निवांत होतं, कारण आता कुठे थांबायचं ते त्याला माहीत असतं.

पहिली पाळी मुलीची होती. तिने दादर ठरवलं. मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत सकाळी साडेआठला घराबाहेर पडले, शिवसेना भवनाजवळच्या प्रकाशमधे साबुदाणा वडे खाल्ले, मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्रिकेटची प्रॅक्टिस बघितली, बारापर्यंत घरी. पैसे तिच्याकडेच होते. बाबांचा मला संध्याकाळी फोन आला, म्हणाले, "मॅडम, तिने दुसरं पियूष मागवलं. माझ्याकडे न बघता मागवलं." आणि पुढे त्यांना बोलता येईना, मीही थोडा वेळ गप्पच राहिले.

आईची पाळी आली तेव्हा तिने सांगितलं मला कुठेही जायचं नाही, दुपारी तीन तास झोपायचंय आणि जेवायला काय करू हे कोणी विचारायचं नाही. बाबा आणि मुलं खाली जाऊन वडापाव घेऊन आले. मला विचाराल तर त्या घरातला तो सगळ्यात चांगला रविवार होता.

सगळं जादूसारखं बदललेलं नाहीये. मुलगी अजूनही मधूनमधून नको म्हणते, मैत्रिणींबरोबर जाते, आणि ते मात्र खरंच वयाचं आहे, तिथे तिला अडवू नका असं मी सांगितलंय. मॉलमधल्या त्या हॉटेलात ती अजून गेलेली नाही. आणि हे वाचणाऱ्या आईबाबांना एक सांगते, मूल फक्त बाहेरच नाही तर घरीही जेवण टाळत असेल, वजन उतरत असेल, तर तो वेगळा विषय आहे, त्यासाठी आधी डॉक्टरांना दाखवा. पण घरी नीट जेवतंय आणि हॉटेलातच भूक मरते, तर मोबाईलवरून ओरडण्याआधी ते मेन्यूकार्ड कसं वाचतंय तेवढं एकदा बघा.

येत्या रविवारी धाकट्याची पाळी आहे. त्याला राणीच्या बागेत पेंग्विन बघायचेत. आईबाबा आणि दोन मुलं असं चौघांचं तिकीट मिळून शंभर रुपये, भायखळ्याला उतरायचं आणि चालत जायचं, म्हणजे सहाशेतले बरेच उरतात, आणि त्या उरलेल्यात काय खायचं यावरून बहीणभावांचं दोन दिवस जोरात भांडण चाललंय असं आईने काल फोनवर सांगितलं.