चॉकलेट सिस्ट काढू की थेट टेस्ट ट्यूब?

प्रश्न: डॉक्टर, मी देवगडची, वय ३१. लग्नाला चार वर्षं झाली पण दिवस राहत नाहीत. पाळीत दोन दिवस उभं राहवत नाही, सासूबाई म्हणतात मूल झालं की थांबेल. सोनोग्राफीत डावीकडे साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. कोल्हापूरचे डॉक्टर दुर्बिणीतून काढू म्हणतात, मुंबईची नणंद म्हणते डायरेक्ट टेस्ट ट्यूब कर. आंब्याचा सीझन संपल्यावर ऑपरेशन केलं तर चालेल?

उत्तर: ताई, एवढ्या दोन-तीन महिन्यांनी सहसा फरक पडत नाही, पण त्याआधी दोन रिपोर्ट हातात घ्या, तुमची एएमएच, म्हणजे बीजकोशात स्त्रीबीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, आणि मिस्टरांची वीर्यतपासणी. बाईच्या ऑपरेशनची तारीख ठरते तरी नवरा लॅबची पायरी चढलेला नसतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारते.

एएमएच कशाला, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बीजकोशात वाढतं, तिथे रक्त साचून घट्ट तपकिरी होतं, म्हणून नाव चॉकलेट. ही सिस्ट सोलून काढताना तिला चिकटलेला चांगला भागही थोडा जातो, म्हणजे स्त्रीबीजंही जातात. एएमएच आधीच कमी असेल किंवा मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये मोठा दोष असेल तर नणंदेचं म्हणणं चुकीचं नाही. दोन्ही ठीक असेल तर तुमच्या वयात, एवढं दुखत असताना, मी ऑपरेशनच्या बाजूने आहे.

बेंबीपाशी आणि खाली अर्ध्या-एक सेंटिमीटरची छिद्रं, पोटात गॅस भरतात त्यामुळे नंतर दोन दिवस खांदा दुखतो, घाबरू नका. बहुतेकदा एक-दोन दिवसांत घरी सोडतात, पण लगेच आंब्याच्या पेट्या उचलायच्या नाहीत.

सासूबाईंचं अर्धं खरं, गरोदरपणात दुखणं कमी होतं पण नंतर बऱ्याच जणींना परत सुरू होतं. सिस्टही परत येऊ शकते, म्हणून ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष वाया घालवू नका, आणि ती येऊ नये म्हणून कोणी हॉर्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या तर मूल हवंय हे स्पष्ट सांगा, त्या गोळ्या चालू असताना दिवस राहत नाहीत. आणि हो, गर्भाशयातून निळा रंग आत सोडून गर्भनळ्या उघड्या आहेत का ते त्याच भुलीत बघणार ना, एवढं घाट चढायच्या आधी फोनवर विचारून घ्या.