ईसीफ्लोमध्ये सूटवर बदललेले व्हेरिएबल काही टास्कना का लागू होत नाही?

ईसीफ्लो हे ठरलेल्या क्रमाने कामे चालवणारे सॉफ्टवेअर आहे; त्यात टास्क म्हणजे एक काम, फॅमिली म्हणजे टास्कचा गट आणि सूट म्हणजे या सगळ्यांचा सर्वांत वरचा गट. आपण सूटवर थ्रेड्स या व्हेरिएबलचे मूल्य ४ वरून ८ केले. बहुतेक टास्कनी ते घेतले, पण एका फॅमिलीतील सगळी टास्क १६ वरच चालतात आणि एक टास्क अजून ४ वर आहे, अशी आपली अडचण आहे. या दोन गोष्टींची कारणे वेगळी आहेत.

मूल्य सूटवरून फॅमिलीत आणि तिथून टास्कमध्ये उतरवले जाते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ईसीफ्लो काहीच खाली उतरवत नाही, ते खालून वर शोधत जाते. टास्कची जॉब फाइल (प्रत्यक्ष चालवली जाणारी स्क्रिप्ट) तयार करताना स्क्रिप्टमध्ये %थ्रेड्स% असे टक्केचिन्हांत घातलेले नाव दिसले, की सर्व्हर आधी त्या टास्कवर, मग तिच्या फॅमिलीवर, मग वरच्या फॅमिलीवर, सूटवर आणि सर्वांत शेवटी सर्व्हरच्या स्वतःच्या व्हेरिएबलांत पाहतो, आणि पहिले मूल्य सापडताच थांबतो. आपल्या त्या फॅमिलीवर कोणीतरी १६ लिहून ठेवले असणार, त्यामुळे शोध सूटपर्यंत पोहोचतच नाही. ४ वर राहिलेल्या टास्कची जॉब फाइल बहुधा आपल्या बदलाआधीच तयार झाली होती. ती तयार झाल्यावर वर केलेला बदल चालू जॉबला कळत नाही, टास्क पुन्हा चालवावे लागते.

एकाच पातळीवरही क्रम असतो: आधी आपण दिलेले व्हेरिएबल, मग रिपीटचे (टास्क किंवा गट पुन्हा पुन्हा चालवताना दर फेरीला बदलणारे), मग ईसीफ्लोने स्वतः निर्माण केलेले. म्हणूनच टास्क या नावाचे व्हेरिएबल सूटवर लिहून काही साधत नाही, कारण प्रत्येक टास्कवर त्याच नावाचे निर्माण केलेले व्हेरिएबल आधी सापडते. %थ्रेड्स:८% असे लिहून दिलेले पर्यायी मूल्यही शोध सर्व्हरपर्यंत जाऊन रिकामा परतला तरच वापरले जाते. ते फॅमिलीतील १६ ला हटवणार नाही.

या रचनेचा खरा फायदा मूल्यातच दुसरे व्हेरिएबल असते तेव्हा दिसतो. जॉब सुरू करण्याचा आदेश सर्व्हरवर एकदाच लिहिलेला असतो, तरी त्यातील जॉब फाइलचे नाव प्रत्येक टास्कसाठी वेगळे भरले जाते, कारण आतल्या नावाचा शोधही पुन्हा त्या टास्कपासूनच सुरू होतो. आउटपुटचा मार्ग सूटवर एकदाच लिहून त्यात %टास्क% घालावे, ही माझी आवडती सोय आहे.

सूटवरचे मूल्य झाकणारे असे खालचे मूल्य शोधताना डेफिनिशन फाइलवर (सूटची रचना लिहिलेल्या फाइलवर) विसंबू नका. एका रात्री आम्ही ती फाइल ओळीओळीने वाचत बसलो होतो आणि गुन्हेगार व्हेरिएबल कुणीतरी घाईत थेट चालू सर्व्हरवर घातलेले निघाले, म्हणजे फाइलमध्ये ते नव्हतेच. ईसीफ्लो यूआयच्या (ईसीफ्लोच्या खिडकीवजा प्रोग्रामच्या) व्हेरिएबल पॅनेलमध्ये टास्क निवडल्यास तिची आणि वरच्या प्रत्येक नोडची (फॅमिली, सूट इत्यादींची) व्हेरिएबल्स वेगवेगळ्या गटांत दिसतात. १६ कुठे आहे ते तिथे लगेच कळेल.

सापडल्यावर त्या ओळीतले मूल्य बदलून ८ करू नका, नाहीतर पुढच्या बदलाच्या वेळी हीच फॅमिली पुन्हा मागे राहील. मूल्य रिकामेही ठेवू नका, कारण रिकामे मूल्य हेही सापडलेले मूल्यच मानले जाते. ते व्हेरिएबल त्या फॅमिलीवरून काढूनच टाका आणि मग तिची टास्क पुन्हा चालवा.