डीजे 'लावतात' कसा?

प्रश्न आला आहे: 'बॅम बॅम' या गाण्यामुळे गाजलेली जमैकन सिस्टर नॅन्सी रेगे-डान्सहॉल या तिकडच्या शैलीत गाते, मग तिला डीजे का म्हणतात? गायिका म्हणायला नको का?

नको. जमैकात ती डीजेच, आणि तेच बरोबर. चुकतो ते आपण. 'मिरवणुकीत डीजे लावला', 'डीजेच्या भिंती', दर गणपतीत हे ऐकून डोकं उठतं. स्पीकरांच्या त्या भिंतीला जमैकात साउंड सिस्टीम म्हणतात. तबकड्या निवडून वाजवतो तो सिलेक्टर. वाजत्या चालीवर माइक घेऊन ठेक्यात यमकं फेकतो तो डीजे. डीजे हे माणसाचं नाव आहे, यंत्राचं नव्हे.

'डिस्क जॉकी'चं लघुरूप, हे कोणीही सांगेल. गंमत 'जॉकी'त आहे. जॅक या नावाचं स्कॉटिश रूप जॉक, त्याचं लाडकं रूप जॉकी. मुंबईत घरकामाचा गडी कोणीही असो, 'रामा'च व्हायचा. तसं तिकडे कुठलंही पोरगं जॉकी. मग तो घोड्यांपाशी वावरणारा झाला आणि सतराव्या शतकात शर्यतीचा स्वार.

यावर जाणकार म्हणतात, अमेरिकेत जॉकीला 'यंत्र हाताळणारा' असा अर्थ आला, डिस्क जॉकी त्यातून निघाला, घोड्याचा संबंध तिथेच संपला. अमेरिकेपुरतं मान्य. पण ही मंडळी जमैकाच्या राजधानीपर्यंत, किंग्स्टनपर्यंत जातच नाहीत! तिथे पन्नासच्या दशकात काउंट माचुकीनं अमेरिकी रेडिओवरच्या निवेदकांची फर्डी बडबड ऐकून साउंड सिस्टीमचा माइक धरला. पुढे यू-रॉयनं १९७०मध्ये ती बोली तबकडीवर आणून गाजवली. शब्द तबकडीला सोडून बोलणाऱ्याला चिकटला. आणि हा बोलणारा काय करतो? जमैकन म्हणतात, तो रिडिम (गाण्यामागची वाद्यांची चाल) 'राइड' करतो. म्हणजे चालीवर मांड ठोकतो! माझं ठाम मत आहे की अमेरिकेत पायउतार झालेला स्वार इथे पुन्हा घोड्यावर बसला.

'स्टॅलग' हीच चाल घ्या. ॲन्सेल कॉलिन्सनं निर्माता विन्स्टन रायलीसाठी ती १९७३मध्ये वाजवली. १९८२मध्ये नॅन्सीनं तिच्यावर 'बॅम बॅम' म्हटलं, पुढे १९८५मध्ये टेनर सॉनं 'रिंग द अलार्म'. चाल तीच, स्वार वेगळा. टेनर सॉ मात्र सिंगर, तो सुरात गातो. नॅन्सीचं ऐका: ध्रुपदाला सूर आहे, पण कडव्यात ती ठेका पकडून बोलत सुटते. तिचा भाऊ ब्रिगेडियर जेरीही डीजेच.

'बॅम बॅम'चे पैसे नॅन्सीला कित्येक वर्षं मिळाले नाहीत. अमेरिकेत ती बँकेत हिशेबाचं काम करत होती. २०१४मध्ये बुटांच्या जाहिरातीत आपलाच आवाज ऐकल्यावर तिनं वकील गाठला, तेव्हा कुठे गाण्यात निम्मा हक्क मिळाला. तिच्याविषयी मराठीत लिहाल तेव्हा 'डीजे सिस्टर नॅन्सी' असंच लिहा, आणि मिरवणुकीतल्या त्या भिंतीला साउंड सिस्टीम म्हणा.