शंभरपर्यंत म्हणतात, पण सात खडे आणता येत नाहीत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत मी पहिलीला शिकवते. मुलं शंभरपर्यंत घडाघडा म्हणतात. पण ‘सात खडे आण’ म्हटलं की मूठभर आणून ठेवतात. समोर मोजायला लावलं तर नीट मोजतात; ‘मग किती?’ विचारलं की पुन्हा एकपासून सुरू. चुकतंय कुठं?

उत्तर : बाई, तुम्ही पुन्हा एकपासून सुरू होणारी मोजणी टिपलीत, दुखणं तिथंच आहे. त्या मुलाच्या लेखी ‘सात’ हे शेवटच्या खड्याचं नाव आहे, सगळ्या खड्यांचं माप नव्हे. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण किती, हे उमगायला वेळ लागतो. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टल या अभ्यासकांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला, कुठूनही मोजलं तरी उत्तर तेच, आणि खड्यांसारखे टाळ्या नि उड्याही मोजता येतात, ही बाकीची चार. नुसतं शंभरपर्यंत म्हणता येणं म्हणजे यातला फक्त क्रम येणं.

अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणावेळी एकाला सांगा, ‘तुझ्या रांगेला पुरतील एवढी ताटं एकाच खेपेत आण.’ ‘एकाच खेपेत’ ही अट सोडू नका. एकेक ताट नेऊन देता आलं तर मोजायची गरजच पडत नाही. अटीमुळे त्याला आधी रांग मोजावी लागते, तो अंक मनात धरून ताटांपर्यंत जावं लागतं. ताट कमी पडलं तर तुम्ही काही बोलू नका. ज्याला मिळालं नाही तो बोलेलच.

दुसरा खेळ चिंचोक्यांचा. पाच चिंचोके घ्या, एकेक बाजू दगडावर घासून पांढरी करा. मुलानं ओंजळीत खुळखुळवून टाकायचे आणि सांगायचं, पांढरे किती, काळे किती. तीन नि दोन. पुन्हा टाकले, चार नि एक. मग पाचही काळे, म्हणजे पांढरा एकही नाही. शून्य असं खेळात भेटतं. तीन पांढरे मूल मोजत बसत नाही, बघताक्षणी सांगतं. तीन-चारपर्यंत ही नजर बहुतेक मुलांकडे असतेच, तिला मोजायला लावून अडवू नका. काही दिवस खेळल्यावर दान कसंही पडो, चिंचोके पाचच राहतात हे त्यांच्या ध्यानात येऊ लागतं. मग दोन मुठीत लपवा, तीन समोर ठेवा आणि विचारा, ‘मुठीत किती?’ वजाबाकी हा शब्द अजून वर्षभर नाही काढला तरी चालेल.

प्रश्न : निपाणीजवळ माझी अंगणवाडी आहे. काही मुलं मराठी घरची, काही कन्नड. मोजताना ‘एक, दोन, मूरू, नाल्कू’ अशी सरमिसळ होते. पालक म्हणतात, एकच भाषा धरा.

उत्तर : दोन्ही धरा. मुलानं दोननंतर मूरूच म्हटलं, नाल्कू नाही. म्हणजे तीनची जागा त्याच्या मनात पक्की आहे, शब्द तेवढा शेजारच्या घरातला आला. तेच चिंचोके एकदा मराठीत मोजा, एकदा कन्नडमध्ये. नावं बदलली तरी ढीग तेवढाच, हे कळणं म्हणजे संख्या कळणं.

पुढं याचा मोठा फायदा आहे. कन्नडमध्ये इप्पत्तु म्हणजे वीस, इप्पत्तोंदु म्हणजे वीस-एक. बोलायचा आणि लिहायचा क्रम एकच. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, लिहिताना २ आधी. म्हणून आपली मुलं २१ च्या जागी १२ लिहितात. एकोणतीस तर त्याहून अवघड. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्या बदलामागची कारणं समजावून सांगितली होती. आपल्या भागातल्या मुलाला ही फोड कन्नडमध्ये आयतीच ऐकू येते. मोठी मुलं असतील तर दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा. दोन जुड्या, एक सुटी काडी : इप्पत्तोंदु, वीस आणि एक, एकवीस. भाषेचा वाद मोठ्या माणसांचा आहे, तो काड्यांत आणू नये असं मला कळकळीनं वाटतं.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, बेरीज बोटांवर करतो. शिकवणीच्या टीचर हात मागं बांधायला लावतात. (एक आई, बेळगाव)

उत्तर : हात सोडायला सांगा, आजच. बोटं हे त्याचं पहिलं गणिताचं साहित्य आहे. सात दाखवताना तो एक पूर्ण पंजा आणि दोन बोटं धरतो की नाही, एवढं बघा. ते जमलं की बोटं हळूहळू आपोआप मिटतात.

प्रश्न : पाच इयत्ता, शिक्षक मी एकटा. साहित्य नाही, वेळ नाही. एकच खेळ घ्यायचा तर कोणता?

उत्तर : सर, पडवीत सरळ रेषेत दहा चौकोन आखा आणि डावीकडून १ ते १० अंक लिहा. सरळच आखा. कवड्यांच्या पटासारखा वळत जाणारा नको, कारण पुढं जाऊ तशी संख्या वाढते, हे सरळ रांगेत डोळ्यांना दिसतं. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरच्या बालवाडीतल्या मुलांना असा पट दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव झाले, तेवढ्यात त्यांची अंकांची समज वाढली. ज्यांच्या पटावर अंकांऐवजी नुसते रंग होते, त्यांची वाढली नाही.

फाशाला एकच घासलेला चिंचोका पुरे : पांढरा पडला तर एक घर, काळा पडला तर दोन. नियम मात्र एक पाळा. मूल ५ वर उभं आहे आणि दोनचं दान पडलं, तर त्यानं ‘एक, दोन’ म्हणत जायचं नाही, ‘सहा, सात’ म्हणत जायचं. उभं असलेलं घर पुन्हा मोजायची खोडही त्यानं सुटते. हे बघायला तिसरीतली एखादी मुलगी बसवा, ती तुमच्यापेक्षा कडक निघेल. आणि रेघा खडूनं नको, ऑइलपेंटनं मारा, म्हणजे मधल्या सुट्टीत तुम्ही नसतानाही डाव चालू राहील.